राजाची पाठ

मंदिरात ओट्यावर मूर्ती नव्हती. मनगटाएवढा जाड लाकडाचा एक खुंट होता, करवतीने सपाट कापलेला. भोवती मातीची ढेकळं आणि ढेकळांवर उंदरांच्या लेंड्या.

डॉक्टर परचुरे गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात बघत होते. मला बसायची गरज वाटली नाही. ज्याने कापलं तो अडाणी नव्हता. त्या मुलखातली मातीची मूर्ती आतून पोकळ असते, आणि बुडापासून डोक्यापर्यंत तिच्यात एक लाकडी कणा असतो. तिथले लोक त्याला मूर्तीचा प्राण मानतात. चोराने माती फोडली नव्हती. कणा बुडाशी कापला होता आणि मूर्ती अख्खी उचलून नेली होती. करवत कुठे लावायची ते त्याला नेमकं माहीत होतं.

"कधी झालं हे?" किल्ली घेऊन आलेल्या बाईला डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

"दोन हिवाळे झाले."

"पोलीस?"

"बर्फ होता. पोलीस उन्हाळ्यात आले." बाई दारातच उभी होती. आत पाऊल टाकत नव्हती. "त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तुमच्यासारखे आले होते. टेप लावली, फोटो काढले. किती जुनी, किती जुनी, सारखं तेच."

"आम्ही त्यातले नाही हो."

"तेही चांगले होते," बाई म्हणाली. "पोरांना बिस्किटं वाटली."

मला हसू फुटलं. शिकलेल्या माणसाला कुणी टोचलं की मला तेव्हा हमखास हसू यायचं. डॉक्टरांच्या हातात बिस्किटांचे दोन पुडे होते. ते त्यांनी गुपचूप पिशवीत टाकले.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली, स्पितीतली. त्या गावाचं नाव रंगटी म्हणू. आम्हाला जायचं होतं ते त्याच्या वरच्या अंगाला, त्याला छोमले म्हणू. दोन्ही नावं मी बनवलेली आहेत. नकाशा काढून बसू नका.

मी पेणचा. जन्म गणपतीच्या कारखान्यातला. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं रद्दीवर शिकलो. गणपती बांधून पाठवायला जुनी पुस्तकं, मासिकं किलोवर यायची. ती मी आधी वाचायचो आणि मग फाडायचो. माती मात्र कुणाला शिकवावी लागली नाही. शाडू असो की तांबडी, चिमूट तोंडात टाकली की ती नदीची की डोंगराची ते मी सांगू शकत होतो, आणि याचा मला माज होता.

डॉक्टर परचुरे पुण्याचे, साठीला आलेले, दम्याचे. त्यांच्या ओळखीच्या एका संग्रहालयासाठी मी अठरा फुटक्या मूर्ती सांधल्या होत्या. संग्रहालयाने काचेवर लिहिलं, 'दुरुस्ती : स्थानिक कारागीर'. मी तिथेच आरडाओरडा केला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकटे डॉक्टर जवळ आले आणि म्हणाले, "तुमचं नाव काय?"

"हरेश्वर बाळाराम कुंभार."

"माझ्याबरोबर स्पितीत चला. जे छापून येईल त्यात माझ्या नावाशेजारी तुमचं नाव असेल. हे पूर्ण नाव."

या तीन शब्दांसाठी मी तेरा हजार फूट चढून आलो होतो. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. बुद्धाशी देणंघेणं नव्हतं, तिबेटशी तर नव्हतंच.

छोमलेचं मंदिर बाहेरून मातीचा मोठा डबा. खिडकी नाही. दार एवढं ठेंगणं की माणूस आपोआप वाकतो. किल्ली होती मेमे अंगदुईकडे. मेमे म्हणजे आजोबा. सगळं गाव त्याला मेमेच म्हणायचं. संसारी लामा होता तो. शेत, याक, लेक, नातवंडं सगळं होतं आणि पूजाही तोच करायचा. पंचाहत्तरीचा, पण खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन चढ चढायचा. त्याची लेक डोलकर चहा घेऊन आली, मिठाचा. डॉक्टर तो औषधासारखा प्यायले.

आत तीन राजे बसले होते. प्रत्येकी दोन हात उंच. मधला सोंगत्सेन गाम्पो, तिबेटात धर्म आणणारा पहिला राजा. बाजूचे दोघे त्याच्याच घराण्यातले, पुढचे. मधल्याच्या डोक्यावर फेटा होता आणि फेट्यातून वर बुद्धाचं एक छोटं डोकं निघालेलं होतं, जणू राजाच्या डोक्यात दुसराच कुणी राहतो आहे आणि अधूनमधून बाहेर बघतो. तुपाच्या दिव्यांच्या काजळीने तिघे काळवंडले होते. डोळे तेवढे पांढरे. मी पेणमध्ये हजारो डोळ्यांची आखणी केली आहे. असे डोळे मला जमले नसते. ते तुमच्याकडे बघत नव्हते. तुमच्या मागे कोण उभं आहे ते बघत होते.

मी एकदा मागे वळून पाहिलं. खोटं कशाला सांगू.

"राजा सातव्या शतकातला, त्यात वाद नाही," डॉक्टर मला समजावत होते. दम लागत होता तरी आवाज चढला होता. "वाद आहे तो मूर्ती कधी घडवली याचा. बाकीचे म्हणतात, फार तर तीनशे वर्षं. मी म्हणतो, हजारच्या आसपास. गळपट्टी बघा, तीन टोकांची. बूट बघा. हा पोशाख पुढच्या काळातल्या कारागिरांनी पाहिलासुद्धा नव्हता."

"माझा बाप शिवाजी महाराजांचा जिरेटोप करायचा," मी म्हणालो. "त्याने कुठे पाहिला होता?"

डॉक्टर हसता हसता खोकायला लागले. "म्हणून तर तुम्हाला आणलं. पोशाख खोटं बोलतो. मातीत मळलेलं गवत बोलत नाही. ते ज्या वर्षी कापलं तिथेच थांबतं. चिमूटभर काडी मिळाली की प्रयोगशाळा वय सांगते. फक्त काडी अस्सल मातीतली हवी, नंतरच्या लिंपणातली नको. आणि अस्सल कुठली, ते ओळखणार तुम्ही."

मेमे दिव्यात तूप घालत होता. मान न वळवता त्याने विचारलं, "गवताचं वय कळलं की राजा जास्त राजा होतो का?"

"छप्पर होईल ना मेमे," डॉक्टर म्हणाले. छताला चीर पडली होती. ती भिंतीवरून उतरत राजांच्या डोक्यामागे आली होती. मूर्ती जुनी ठरली तर सरकार छप्पर घालून देईल, अशी आशा पंचायतीला होती. त्यांनी परवानगी दिली होती. मेमेचं कुणी ऐकलं नव्हतं.

"ठीक आहे," मेमे म्हणाला. "पण आमच्या रीतीने. राजा आत असताना त्याची पाठ फोडायची नाही. आधी मी त्याला बाहेर घेईन."

"बाहेर? कुठे?"

त्याने कोनाड्यातून पितळेचा एक आरसा काढला, थाळीएवढा, घासून घासून पातळ झालेला. "यात. तो यात आला की तिथे उरते ती माती. मग तू हात घाल. तुझं काम संपलं, माती वाळली, की मी त्याला परत आत बसवतो. आणि एक लक्षात ठेव, मातीवाल्या. ज्याने उघडलं त्यानेच मिटायचं. दुसऱ्याचा हात चालत नाही."

मला ते नवीन वाटलं नाही. आमच्याकडेही भटजी प्राण घालतो आणि दीड दिवसाने काढून घेतो, मग उरतो तो शाडू. मी म्हणालो, "मीच मिटीन."

"राजासमोर बोललास," मेमे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच पांढरं. ढग डोंगरांच्या कंबरेवर आले होते. जीपचा ड्रायव्हर सारखा वर बघत होता. खिंड एकदा बंद झाली की ती जूनपर्यंत. डॉक्टरांना रात्रभर धाप लागलेली होती, ते डोलकरच्या चुलीपाशी उशांना टेकून बसले होते. ओठ निळसर झाले होते. "तुम्ही पुढे व्हा," ते म्हणाले. "मी नसलो तरी चालेल. माती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते." हे वाक्य मी शिकलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तसाच छाती फुगवून बाहेर पडलो.

मेमे मंदिराच्या दारात उभा होता. त्याने मला आत नेलं, थेट राजांच्या मागे. तिथे जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी फट होती. त्याने दिवा धरला.

"हे बघ."

मधल्या राजाच्या पाठीवर, कंबरेच्या वर, परातीएवढं ठिगळ होतं. रंग एकच होता, पण मला हात लावल्या लावल्या कळलं. माती वेगळी, भरड. घाईने लिंपलेली.

"माझ्या आजोबांचं काम," मेमे म्हणाला. "त्यांच्या वेळी भूकंप झाला. पाठ उघडी पडली. त्यांनी आमच्या शेतातलं जवाचं गवत घालून भरली."

"म्हणजे शंभरेक वर्षांचं."

"तुझी काडी इथून घे."

मी त्याच्याकडे बघितलं. दिवा त्याच्या हनुवटीखाली होता. चेहऱ्याचा नुसता सांगाडा दिसत होता.

"मेमे, ही काडी नेली तर ते म्हणतील मूर्ती शंभर वर्षांची."

"म्हणू दे."

"छप्पर मिळणार नाही."

"छप्पर आम्ही घालू. नेहमी आम्हीच घातलंय." त्याने आवाज खाली आणला. "रंगटीत काय राहिलंय ते बघून आलास ना? त्यांचा राजा गेला, आणि पुढच्याच शरदात एक माणूस इथे आला होता. चांगला कोट, चांगलं बोलणं. सगळं बघितलं. विचारलं, किती जुनी? मी म्हटलं, माझ्या आजोबांनी केली. त्याने राजाच्या तोंडाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, बाबा, परत येईन. अजून आला नाही. त्याला खात्री नाही, म्हणून आला नाही. तुमचा कागद त्याला खात्री देईल."

"डॉक्टर तसे नाहीत."

"डॉक्टर चांगले आहेत. कागद कुणाकुणाच्या हातात जाईल ते डॉक्टर ठरवतात का?"

मी ठिगळाची कड नखाने चाचपली.

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये," मेमे म्हणाला. "ही काडी पण राजाचीच आहे. फक्त वरची."

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नको. घे."

तासाभराने त्याने राजाला बाहेर काढलं. मी तिथेच होतो. मंत्र, घंटा, जवाचे दाणे, धूप. डोलकर दाराशी हात जोडून उभी. मेमेने आरसा राजाच्या तोंडासमोर धरला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग एकदम त्याचे हात खाली आले, आरशात पाणी ओतल्यासारखे जड. तो वळला, राजाच्या पुढ्यात थोडा बाजूला, राजाकडे पाठ करून मांडी घालून बसला आणि आरसा मांडीवर तिरका उभा ठेवला.

"झाकत नाही?" मी विचारलं.

"काम चालू असेपर्यंत नाही. आपल्या घराचं काय चाललंय ते त्याला दिसायला नको?"

मी मूर्तीकडे पाहिलं. डोळे तेच होते. पण आता ते कुठेच बघत नव्हते.

मी मागे शिरलो. पटाशीने आजोबांचं ठिगळ सोडवलं, चारही बाजूंनी, न फोडता. त्यातली गवताची काडी समोर दिसत होती, पिवळी, जाड. चिमट्यात धरली की काम संपलं. माझा हात तिथे थांबला. देवाशपथ थांबला.

पण आत भोक झालं होतं. त्यातून वास आला. धुपाचा, धान्याचा आणि त्याखाली जुन्या मातीचा. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता. मी हात आत घातला, कोपरापर्यंत. कणा लागला, त्याला गुंडाळलेलं कापड लागलं आणि मग आतली भिंत. मऊ. तळहातासारखी. एवढी बारीक माती मळायला एका माणसाला दिवसन्‌दिवस लागले असतील. आणि त्या मातीत मला बोटं लागली. कुणीतरी आतून दाबत नेलेली, एकाशेजारी एक, अंगठ्याचे खळगे. माझा अंगठा बरोबर बसला. त्याने जसं दाबलं होतं तसंच मी पेणला गणपतीच्या पोटात दाबतो. त्याचंही नाव कुठे नव्हतं. काचेवर नव्हतं, दगडावर नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं, हे मी त्याच्यासाठी करतोय. तो केव्हा होऊन गेला हे जगाला कळलं पाहिजे. खोटं होतं ते. मला माझं नाव दिसत होतं, छापलेलं. आणि मातीच्या बाबतीत कुणी मला फसवायला सांगावं, याचा रागही होता. अडाणी माणसाला एकच गोष्ट येत असते, ती तो विकत नाही. मी विकली नाही. म्हणून घात झाला.

आतल्या भिंतीतून मी नखाएवढी माती काढली. तिच्यात केसासारखं बारीक गवत होतं. डबीत घातली, झाकण लावलं.

"मिळाली?" मेमेने पलीकडून विचारलं. आवाज सरळ होता.

"मिळाली."

"कुठली?"

"आजोबांची," मी म्हणालो.



मी माती कालवली, भोक भरायला घेतलं. ठिगळ बसवून कडा लिंपत होतो तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. "खिंडीत बर्फ सुरू झालाय. आत्ता निघालो तर निघालो. आणि साहेब श्वास घेत नाहीयेत नीट."

डॉक्टरांचा चेहरा राखाडी झाला होता. त्यांना खाली न्यायलाच हवं होतं, त्यात दुसरा विचार नव्हता. मी ओल्या हातांनीच मंदिरात परत आलो. "मेमे, लिंपून झालंय. राजाला आत बसवा."

मेमेने आरशावर पिवळं कापड टाकलं होतं. "ओल्या मातीत बसवत नाहीत."

हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडेही ओल्या मूर्तीचे डोळे आखत नाहीत.

"मग वाळल्यावर बसवा."

"वाळली की तडा जाईल. तो तू मिटायचा. ज्याने उघडलं त्याने."

"मी येतो. जूनमध्ये रस्ता उघडला की येतो."

"जा," मेमे म्हणाला. "तुझा माणूस मरेल."

जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलं. तो दारात उभा होता. आरसा छातीशी धरलेला, लेकरू धरतात तसा.

डॉक्टर वाचले. जूनमध्ये मी गेलो नाही. जून-जुलै म्हणजे पेणमध्ये मरायला फुरसत नसते, हे कारण मी डोलकरला पत्रात लिहिलं. खरं कारण असं की मेमेच्या समोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. त्याच महिन्यात प्रयोगशाळेचा कागद आला होता. गवत साडेनऊशे वर्षांचं निघालं. डॉक्टर फोनवर रडले. म्हणाले, "हरेश्वरराव, जिंकलो."

पुस्तक आलं. जाड कागदाचं, रंगीत. डॉक्टरांनी शब्द पाळला. आतल्या पानावर त्यांच्या नावाशेजारी माझं पूर्ण नाव, एकाच आकाराच्या अक्षरांत. मी ते पान कारखान्यात सगळ्यांना दाखवलं. बापाच्या फोटोसमोर ठेवलं. सत्तेचाळिसाव्या पानावर राजा होता, समोरून, बाजूने, पाठीमागून. कणा कुठून कुठे जातो त्याचं चित्र होतं. ते मीच काढून दिलं होतं. खाली गावाचं नाव आणि रस्त्याचा नकाशा. आणि वय.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये डोलकरचं पत्र आलं, खिंड पायी उतरलेल्या कुणीतरी टपालात टाकलेलं. हिंदीत, चार ओळी. 'हिवाळ्यात तिघेही राजे गेले. बर्फावर घसरगाडीच्या खुणा होत्या. मेमे बरे आहेत. तुम्ही येणार होता.'

डॉक्टरांना मी ते पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तक पुढ्यात ओढलं, पान उघडलं. मग म्हणाले, "सत्तेचाळीसवं पान." मीही तेच म्हणणार होतो. पुढच्या वर्षी ते गेले. दम्याने गेले असं सगळे म्हणतात.

पत्र आलं त्याच वर्षी, रस्ता उघडल्या उघडल्या, मी एकटाच छोमलेला पोचलो. मंदिराचं दार उघडं होतं. छपराला नवे वासे घातलेले होते, गावानेच. ओट्यावर तीन खुंट, सपाट कापलेले. मी मधल्यापाशी बसलो आणि हात लावला. लाकूड अजून वास सोडत होतं.

"आलास," मागून मेमे म्हणाला. तो वाकला होता आता. डोलकरने त्याला दंडाला धरलं होतं.

चार दिवस प्रवासात मी काय काय घोकत आलो होतो. एवढंच तोंडातून निघालं, "मेमे, मी खोटं बोललो. काडी आजोबांची नव्हती."

"माहीत आहे."

"पुस्तकात वाचलं?"

"पुस्तक कुणी वाचलं?" तो खाली बसला. श्वास घेतला. "आरशात बघितलं. तुझा हात आत गेला, कोपर दिसेनासं झालं. आजोबांचं ठिगळ तर बोटभर जाड होतं. तिथे कोपर कशाला लागतं?"



"तेव्हाच का नाही थांबवलंत?"

"डबी तुझ्या खिशात गेली होती. ती हिसकून घेतली असती तर तुम्ही दुसऱ्या कुणालातरी पाठवलं असतं." मग तो हसला, दात नसलेलं. "पण मला कळलं, आता चोर येणार. म्हणून म्हटलं, ओल्या मातीत बसवत नाहीत. तू गेलास. माती वाळली, तडा गेला, मी काही केलं नाही. लोक विचारायचे, मेमे, राजाला आत कधी घालणार? मी म्हणायचो, मातीवाला येऊ दे."

डोलकरने कोनाड्यातून पिवळ्या कापडातली वस्तू काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने कापड काढलं नाही. वरून हात ठेवला.

"चोरांनी काय नेलं? शेण, गवत, माती." तो म्हणाला. "पण बाजूचे दोघे गेले. त्यांना मी आरशात घेतलं नव्हतं. त्यांना कुणी हात लावणार नव्हतं ना, म्हणून. ते आत बसलेले असताना कापून नेले."

त्याचा आवाज तिथे फुटला.  आजपर्यंत मला कुणी दिली नाही अशी ती शिवी होती, आणि त्यात एकही वाईट शब्द नव्हता.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "मेमे, मी मूर्ती करतो. तशीच. मला तो आतून माहीत आहे. वर्ष लागलं तरी करतो. कुणाला फरक कळणार नाही."

"म्हणून तर नको," मेमे म्हणाला. "तुझा हात चांगला आहे. तू केलेली बघून परत कुणीतरी विचारेल, किती जुनी. डोलकर करेल."

"मला कुठे येतं?" डोलकर म्हणाली. "मी चुली लिंपते."

"तेच पाहिजे."

आणि तिने केली. अकरा दिवस लागले. मी नदीकाठची माती आणली, गवत कापलं, चाळलं, तुडवलं, मळून गोळे करून दिले. ओट्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. राजा झाला तो बटाट्याच्या पोत्यासारखा. एक खांदा वर, एक खाली. फेट्यातून निघालेलं बुद्धाचं डोकं फोडासारखं दिसत होतं. गावातल्या बायका बघून तोंडाला शालीचं टोक लावायच्या. "मेमे, हा राजा की तुमचा याक?" कुणीतरी म्हणालं, आणि मेमेही हसला.

महिनाभराने मूर्ती वाळल्यावर डोलकरने डोळे काढले. डावा सरळ आला. उजवा घसरला, कानाकडे गेला. माझा हात शिवशिवला. तीस वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. एक रेघ, फक्त एक. मी ब्रशकडे हात नेला.

"मातीवाल्या," मेमे म्हणाला.

मी हात मागे घेतला.

त्याने पिवळं कापड काढलं आणि राजाला परत आत बसवायला आरसा त्या वाकड्या तोंडासमोर धरला. बराच वेळ धरला. मी बाजूला, दाराशी उभा होतो. तेव्हा तो घसरलेला उजवा डोळा वर आला आणि राजा माझ्याकडे बघायला लागला. डावा जुन्या राजासारखा माझ्या मागे, दाराबाहेर, जिथून रस्ता वर येतो तिकडे.